रविवार आणि काचेच्या बाटल्या
जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, हे इथे राहायला आल्यापासून मी अंगवळणी पाडून घेतले होते. परंतु त्या दिवसाची शांतता कुठपर्यंत पाळायची असते, हे आज सकाळी शेजारच्या आजींमुळे समजले. आठवडाभर साठलेल्या बाटल्या घेऊन मी कोपऱ्यावरच्या, रिकाम्या बाटल्या टाकायच्या डब्यांपाशी गेले, रंगहीन, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळी टाकायची असते हे ठाऊक असल्यामुळे (निळी बाटली हिरव्या डब्यात जाते, हेही मी शिकले आहे) मोठ्या आत्मविश्वासाने पहिली बाटली आत सोडली, आणि त्या खळखळाटाबरोबर वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त डब्यावरच्या पाटीकडे बोट दाखवले. तिथे वेळेसोबत ‘वेर्कटाग्स’, म्हणजे कामाच्या दिवशी, असे लिहिले होते. या शब्दात शनिवारही मोडतो, त्यामुळे हेच काम काल निर्धास्तपणे करता आले असते, याची चुटपुट अधिक लागली.

घरी येऊन वाचले, तर रविवारच्या विश्रांतीला इथे चक्क घटनात्मक संरक्षण आहे: १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील, म्हणजे जर्मनीच्या आधीच्या घटनेतील, कलम १३९ हे १९४९ च्या सध्याच्या राज्यघटनेने कलम १४० द्वारे कायम ठेवले आहे. उरलेल्या बाटल्या एकमेकींवर न आपटता तीन जिने वर नेणे मात्र फार अवघड गेले. पिशवी सध्या दाराशीच ठेवली आहे.