तपासणी आजची, हिशेब तीन महिन्यांपूर्वीचा

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या नळीतून) पक्व होऊन बाहेर पडायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे आजच्या वीर्यतपासणीत दिसतं ते जवळपास तीन महिन्यांपूर्वीचं. शुक्राणूंना बाधक ठरू शकणाऱ्या कीटकनाशकांची फवारणी थांबवून पंधरा दिवसांत पुन्हा नमुना दिला तर काय फरक दिसणार?

शुक्राणूंवर परिणाम करू शकणारी सगळी रसायनं सारखी वागत नाहीत. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि कडक प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए (बीपीए) एक-दोन दिवसांत बऱ्याच अंशी लघवीवाटे निघून जातात. अडचण ही की ती रोज नव्याने आत येतात. म्हणून गरम अन्न प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका, मायक्रोवेव्हला काचच वापरा. ‘बीपीए-फ्री’वर फार हुरळू नये, अनेकदा त्याजागी त्याच जातीचं बिस्फेनॉल एस असतं.

शिसं मात्र हाडांत वर्षानुवर्षं मुरतं. बॅटरी, सोल्डरिंग, जुना रंग खरवडणं अशी कामं असतील तर रक्तातलं शिसं तपासा आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

रसायनांमुळे शुक्राणू घटतात याचा सर्वांत ठळक पुरावा डीबीसीपी या सूत्रकृमीनाशकाचा (जमिनीतले सूक्ष्म जंत मारणाऱ्या औषधाचा). १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांचे शुक्राणू फार कमी किंवा शून्य आढळले. संपर्क सुटल्यावर काहींचे परतले, काहींचे नाहीच. शुक्राणू ज्यांपासून बनतात त्या मूळ पेशीच नष्ट झाल्या तर नवे शुक्राणू बनणार कुठून?

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळा. आणि एकाच अहवालावर निष्कर्ष नको, निदान दोन हवेत.