गोळी सुरू करताना डब्याकडे लक्ष ठेवा

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट हे औषध लिहून दिलं की आईबाबांची पहिली भीती असते, मूल मंद होईल का? ते गप्पगप्प, हरवल्यासारखं दिसलं तर बहुतेकदा डोस जास्त झालेला असतो. डॉक्टरांना लगेच कळवा. सुरुवात सहसा 5 मिलिग्रॅमने होते. साध्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो, संध्याकाळी दिली तर झोप उडते.

भूक मात्र खरंच मरते, शाळेचा डबा तसाच परत येतो. म्हणून गोळीआधी पोटभर थालीपीठ-दही, आणि असर उतरल्यावर रात्री नीट जेवण. उंची, वजन, नाडी, रक्तदाब आधीच नोंदवा. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर लपवू नका.

नाशिकमध्ये कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळेलच असं नाही. संपायच्या आठवडाभर आधीच चिठ्ठी घेऊन विचारा.