तुम्ही विचारलंत म्हणून: शपथेचे कागद कशाला?

"काय ओ सर, सीमाप्रश्नाचे कागद सोडून आमदार-खासदारांच्या पगाराचे नि शपथांचे कागद कशाला गोळा करताय?" बेळगावच्या खडेबाजारात चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, अगदी 1 नोव्हेंबरला सीमाभागातली मराठी माणसं काढतात त्या काळ्या दिनाच्या फेरीतसुद्धा हेच. फेरीत मी दरवर्षी असतो, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर हा नेमका कुणाच्या बाजूचा, तिथपासून सुरुवात होते.

पगाराचं सोपं आहे. 1954 च्या कायद्यानं खासदाराला महिना 400 रुपये आणि दिवसाला 21 रुपये भत्ता ठरला. आज वेतन 1,24,000. एवढं सांगितलं की समोरचा चार शिव्या घालतो आणि मी सुटतो.

खरं, मला ओढ शपथेची. आमदार शपथ न घेता सभागृहात बसला तर संविधानाच्या कलम 193 प्रमाणे दिवसाला 500 रुपये दंड. खासदाराला कलम 104 प्रमाणे तेवढाच. पगार कुठल्या कुठं गेला, दंड 1950 पासून जागचा हललेला नाही. 1963 साली शपथेत देशाची सार्वभौमता आणि एकात्मता घालायची होती, तर त्या दोन शब्दांसाठी संविधानाची सोळावी दुरुस्ती झाली. शब्दांची एवढी काळजी.

आता बाबांचं सांगतो. हे पंगतीत सांगण्यासारखं नव्हे.

मी नववीत होतो. शेजाऱ्यांच्या बांधाचा दावा, बाबा साक्षीदार. तालुक्याच्या कोर्टात मला बरोबर नेलं, कारण मी शाळेत कानडी शिकत होतो. बाबांना कानडी येत होतं, खरं बाजारापुरतं. मिरचीचा भाव करावा, बैल ठरवावा, इतपत. इस्त्रीचं धोतर, खिशात साक्षीचं समन्स चौघडी करून ठेवलेलं. बेंच क्लार्कनं कागदावरची शपथ भराभर म्हटली आणि "म्हणा" म्हणाला. शेवटचे शब्द होते, "सत्यवन्ने हेळुत्तेने," म्हणजे खरं तेच सांगतो. बाबा म्हणाले, "सत्यवनी हेळतो तेनी." मागच्या बाकावर हशा पिकला. क्लार्कनं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा बाबांचा आवाज इतका खाली गेला की काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, आणि "हां, चला" म्हणून साक्ष सुरू झाली.

हसणाऱ्यांत मी होतो. मला ते बरोबर म्हणता येत होतं ना.

परतताना एसटीत बाबांनी भत्त्याचे सुटे पैसे दोनदा मोजले. मग खिडकीकडं बघतच विचारलं, "तू का हसलास रे?"

"मी नाही हसलो," म्हटलं.

पुढं पंचविशीत मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन बसायला लागलो. तेव्हा छातीठोक सांगत फिरायचो की एक कागद असा काढीन, की सगळा वाद तिथल्या तिथं मिटेल. मुंबई विधानसभेवर निवडून गेलेले आमचे आमदार 1 नोव्हेंबर 1956 ला, एकही मत न पडता, म्हैसूरच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, विधानसभेचे झाले, राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं. हे वाचून रात्रभर झोप नव्हती. त्या पोराला आज विचारावंसं वाटतं, अरे, हे राजपत्रात उघड छापलंय, तू कुठला गुप्त खजिना शोधतोयस? पण तो म्हणेल, छापलं म्हणून काय पटलं? त्याचंही चूक नाही.

मग 1969 चा शपथ कायदा हाती आला. त्याचं कलम 7: साक्षीदाराची शपथ चुकली, राहूनच गेली, तरी साक्ष रद्द होत नाही. आमदाराच्या शपथेला दंड आणि बाबांची शपथ चुकली तरी चालतंय! महिनाभर धुमसत होतो. म्हणजे त्यांना तीनदा म्हणायला लावलं ते कशाला? वकील मित्र म्हणाला, "अरे, ते कलम तुझ्या बाबांसारख्यांसाठीच आहे. जीभ अडखळली म्हणून खरं बोलणाऱ्याचं बोलणं वाया जाऊ नये." असेल. मला अजून ते दयेसारखं वाटतं, काही दिवशी न्यायासारखंही.

संविधानाच्या कलम 210 प्रमाणे सभागृहाची भाषा येत नसेल त्या आमदाराला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. ते पान मी दुमडून ठेवलंय. बाबा गेल्यावर.

पुढच्या खेपेला विचारलंत तर पगाराचाच आकडा सांगणार आहे.