नानांची फिक्सी

भुसावळात माझं सायकलीचं दुकान आहे. निम्मा धंदा पंक्चर काढण्याचा आणि रिमचा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढण्याचा. उरलेल्या वेळात मी फिक्सी बांधतो. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं, म्हणून पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं. ते नसलेली सायकल म्हणजे फिक्सी. तिचा कॉग, म्हणजे मागची दातेरी चकती, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, पक्का बसवलेला असतो. त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं, उतारावरसुद्धा. पाय नुसते ठेवून बसायची सोय नाही. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकली अशाच असतात. पुण्याला बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर कुणी पाहिल्या असतील तर लगेच कळेल.

गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची पोरं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून येतात, भंगारातून जुनी फ्रेम उचलून आणतात आणि पहिली मागणी करतात, दोन्ही ब्रेक काढा. पुढचा ब्रेक नसलेली फिक्सी मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बरीच पोरं दुसरीकडे जातात. एकाला तशी सायकल चाळीसगावच्या कन्नड घाटात न्यायची होती. त्याच्या वडिलांना मी स्वतः फोन केला.

दुसरीकडे काय करून देतात तेही सांगतो. साध्या फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून ते जाम करतात आणि 'घे तुझी फिक्सी' म्हणून हातात देतात. साध्या हबवर एकाच जातीचे आटे असतात, सुलटे. पुढे पायडल मारलं की फ्रीव्हील आवळत जातं, म्हणून एरवी काही बिघडत नाही. फिक्सीवर मात्र वेग कमी करायला पायडल मागे दाबावं लागतं, आणि त्या जोराने तेच फ्रीव्हील सुटायला लागतं. ट्रॅक हबला दोन पायऱ्या असतात. आतल्या पायरीवर सुलट्या आट्यांनी कॉग बसतो. बाहेरच्या जरा लहान पायरीला उलटे आटे असतात आणि तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवणारी कडी, बसते. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला आणखी आवळतो. एवढं साधं डोकं कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी लावून ठेवलंय, आणि आपण त्यावर शंभर रुपयांचं वेल्डिंग मारतो.

असंच वेल्डिंग केलेलं एक चाक उघडत असताना नाना दुकानात आले. रावेरकडचे, केळीच्या कटाईवर मुकादम. घड मोजायचे, गाडी भरून घ्यायची, मजुरांचा हिशोब ठेवायचा. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. पल्स पोलिओ 1995 साली सुरू झालं, नाना त्याच्या बरेच आधी जन्मलेले. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्ट्यांची चौकट, गुडघ्याशी लॉक. बसताना लॉक उघडून पाय दुमडायचा, उभं राहताना परत लावायचा.

त्यांची काळी जेन्ट्स सायकल दुरुस्तीला होती. उजव्या पायडलला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. मला वाटलं पायडलचं रबर गेलं असेल. नाना म्हणाले, "ते मी बांधेल आहे. पाय वर आला पाहिजे ना."

तेव्हा सगळं लक्षात आलं. दोन पायांनी चालवणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. उजवा पाय खाली गेला की त्याला वर आणायचं काम डावा पाय करतो. नानांचा डावा पाय ते करू शकत नव्हता. पायडल तळाला गेलं की फ्रीव्हीलमुळे तिथंच थांबायचं. म्हणून त्यांनी बूट पायडलला बांधला होता, आणि दाबलेलं पायडल त्याच पायाने ओढून वर आणत होते. दाबायचं आणि ओढायचंही एकाच पायाने, चार-पाच किलोमीटर, पहाटे अंधारात, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि कटाई ऊन चढायच्या आत उरकावी लागते.

ज्या पायावर उभं राहायचं तोच बांधलेला. समोर अचानक बैलगाडी आली, कुत्रं आडवं आलं की ब्रेक लागायचा, सायकल थांबायची आणि नाना बांधलेल्या पायासकट आडवे व्हायचे. उजव्या कोपरावर, मनगटावर जुने-नवे व्रण होते. ते हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. सायकल चालवायची तर असंच असतं, अशा सुरात बोलत होते.

शिबिरात मिळालेली हाताने चालवायची तीनचाकी त्यांच्या घरी पडून होती. ती केळीच्या बागेतल्या पायवाटेवर जात नाही, बांधावर चढत नाही, चिखलात रुतते. फोटो काढून वाटप करणाऱ्यांनी माणूस कुठे राहतो, कुठल्या रस्त्याने कामाला जातो, हे विचारायला नको का? माप तरी घ्यायचं. आमच्याकडे पोरं सीट किती वर ठेवायची यावर तास तास बोलतात.

मी स्टँडवर लावलेल्या फिक्सीचं चाक हाताने फिरवून दाखवलं. पायडल आपोआप गोल फिरत राहिलं. नाना बघत राहिले, मग हात लावून पाहू लागले. मी हात धरून मागे घेतला, कारण फिरत्या फिक्सीच्या चेनजवळ बोट गेलं तर चेनव्हील, म्हणजे पुढची दातेरी चकती, बोटासकट फिरतं, साध्या सायकलीसारखं सुटत नाही. या धंद्यात बोटाची पेरं अशीच जातात. नाना म्हणाले, "म्हणजे हे पाय स्वतःच वर आणतं?"

वेग असेल तर आणतं. गाडीचा जोर पायडलला तळातून वर ढकलतो. म्हणजे पट्टी नको, पाय मोकळा.

फ्रेमवरून पहिला वाद झाला. मला लेडीज फ्रेम हवी होती, मधली नळी खाली उतरलेली, म्हणजे कॅलिपरचा पाय वरून फिरवावा लागणार नाही. नाना म्हणाले, "मले लेडीज सायकल नको भाऊ. लोकं हासतीन." मी काही समजावलं नाही. दुकानातली एक लेडीज सायकल दिली आणि बसून बघा म्हटलं. भिंतीचा आधार न घेता ते बसले. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

भंगारवाल्याकडे 26 इंची चाकांची चांगली फ्रेम मिळाली. मागचे खाचे आडवे, मागून उघडे, जुन्या सायकलींना असतात तसे. फिक्सीसाठी हेच पाहिजेत, कारण चेन ताणायला चाक मागे सरकवता आलं पाहिजे. ट्रॅक हब 120 मिलीमीटरचा आणि या फ्रेमची मागची जागा 110 च्या आसपास. फ्रेम फाकवायला मी आटे पाडलेली सळई आणि नट वापरतो. लोखंड सोडलं की परत येतं, म्हणून लागतं त्याहून जास्त फाकवावं लागतं, थोडं थोडं. मग एका खाच्यापासून दोरी हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाच्यापर्यंत ओढायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. एक बाजू जास्त वाकली तर चाक तिरकं बसतं, चेन तिरकी चालते आणि एक दिवस उतरते. साध्या सायकलीची चेन उतरली तर हात काळे होतात. फिक्सीची उतरून अडकली तर मागचं चाक जाम होतं. नानांच्या बाबतीत तसं होऊन चालणार नव्हतं, म्हणून या फ्रेमवर मी पुष्कळ वेळ घालवला.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कॉटरची, म्हणजे एक्सलला पिनेने अडकवलेली, ठेवली नाही. हल्ली बाजारात येणाऱ्या कॉटर पिना इतक्या नरम असतात की फिक्सीचा पुढे-मागे दोन्हीकडचा जोर त्या सहन करत नाहीत, थोड्याच दिवसांत टक-टक आवाज सुरू होतो. लहान मुलांच्या सायकलीचा कॉटरलेस सेट घेतला. चेनव्हील 36 दात्यांचं आणि क्रँक आखूड. क्रँक आखूड असली की पायडलचा फेरा लहान होतो, तळातून पाय लवकर निघतो, आणि सीट खाली ठेवता येते म्हणजे उजवा पाय जमिनीवर पूर्ण टेकतो. मागे 16 चा कॉग. 36 भागिले 16 म्हणजे सव्वादोन. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेचार मीटर जाते. पोरांना 48 आणि 16 पाहिजे असतं, रुबाब म्हणून, आणि मग पायडल अडवून चाक घसरवत थांबतात तेव्हा टायर दर वेळी एकाच जागी घासतं आणि तिथेच फाटतं, कारण 48 ला 16 ने पूर्ण भाग जातो. नानांना घसरायचंच नव्हतं. त्यांना दोन ब्रेक दिले, ॲलॉय रिमवर, कारण ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक धरत नाही.

डाव्या बाजूची क्रँक कापली. ठेवली असती तर ती सतत फिरत राहून कॅलिपरला लागली असती. तिथे पत्र्याचं कव्हर केलं, आणि पुढच्या तिरक्या नळीवर पाय ठेवायला पट्टी बसवली, टाचेमागे कडा असलेली. उजव्या पायडलला पुढून नुसती अर्धी क्लिप, पट्टा नाही. बूट पुढे घसरत नाही आणि मागे ओढला की सुटतो.

चेनचा ताण बघणं हे माझं आवडतं काम. चेनव्हील कधीच पूर्ण गोल नसतं. पायडल हळूहळू फिरवून चेन सगळ्यात जास्त कुठे ताणते ती जागा शोधायची आणि तिथे मधोमध बोटाने दाबून एक-सव्वा सेंटीमीटर खेळ ठेवायचा. सैल जागा बघून ताणलं की घट्ट जागी बेअरिंगवर भार येतो आणि छर्रे ओरडायला लागतात. शेवटी अख्खं चेनकव्हर बसवलं. पायजम्याचा पायचा चेनमध्ये गेला तर फिक्सी थांबत नाही.

रविवारी सकाळी मैदानावर नेलं. मी मागून कॅरियर धरून पळत होतो. सुरुवातीला नाना सवयीने पाय वर ओढायला जात होते, पायडल आधीच वर येत होतं आणि सायकल हिसके खात होती. मी ओरडत होतो, "ओढू नका, ठेवून द्या." मग एका लांब फेऱ्यात पाय शांत झाला. मी कॅरियर सोडलं. मैदानाच्या टोकाला त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले, बूट मागे ओढला आणि उजवा पाय टेकवून उभे राहिले. सुटा पाय. तिथूनच हाक मारली, "भाऊ, पडलो नाही!" मला त्या क्षणी बोलता आलं नाही.

पुन्हा निघणं हीच अडचण राहिली आहे. पायडल तळाला असताना सायकल थांबली तर फिक्सीवर ते मागे फिरवून वर आणता येत नाही. सीट धरून मागचं चाक उचलायचं आणि पायडल वर आणायचं. नानांनी दुसरीच युक्ती काढली. थांबायच्या आधी ते वेग बेतून पायडल वर असतानाच ब्रेक दाबतात. हे मी शिकवलेलं नाही.

दुसरी काळजी उताराची. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत आमची जमीन दक्षिणेला उतरत जाते. डोळ्याला सपाट दिसते, पायाला कळते. उतारावर पायडल आपल्याआधी पळतं आणि एका पायाने ते अडवता येत नाही, ब्रेकच लागतो. हबची दुसरी बाजू फ्रीव्हीलसाठी आहे. चाक उलटं करून लावलं की साधी सायकल होते. मी ते दाखवून ठेवलंय, नानांनी अजून केलेलं नाही.

पैसे कमी घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. सामानाची चिठ्ठी मागितली, घड मोजावेत तशी ओळ न् ओळ बोट ठेवून तपासली आणि पूर्ण रक्कम दिली.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. हा माणूस तरुणपणापासून पाय बांधून सायकल चालवत होता, पडत होता, आणि इतक्या वर्षांत त्याच्या सायकलीचं फ्रीव्हील किमान चार-पाच मेकॅनिकांनी बदललं असणार. कॅलिपर देणाऱ्यांनी पाय पाहिला, सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी सायकल पाहिली. दोन्ही एकत्र कुणी पाहिलं नाही. आणि फिक्सी ही शहरातल्या पोरांची चैन आहे असं आमच्याच धंद्यातले लोक म्हणतात.

आता नानांच्या ओळखीने यावल तालुक्यातला एक मुलगा येणार आहे. त्याचा उजवा पाय गेलेला आहे, आणि चेन उजव्या बाजूलाच असते. चेन डावीकडे घ्यायचा विचार केला, पण डावीकडे गेला की सुलट्या आट्यांचा कॉग पुढे पायडल मारतानाच सुटायला लागेल, सगळा भार एकट्या लॉकरिंगवर. ते मी करणार नाही. चेनव्हील उजवीकडेच ठेवून उजवी क्रँक कापायची आणि डाव्या पायाने एक्सल फिरवायचा, हे जमेल. प्रश्न आहे तो त्याचा कॅलिपर आणि चेनकव्हर यांच्यातल्या जागेचा. त्याला कॅलिपर घालूनच यायला सांगितलंय. आधी माप घेईन, मग फ्रेम शोधेन.