तारलीतले पेप्टाइड वेगळे काढताना: माझा अनुभव

पुण्यात राहून समुद्री माशांवर पीएचडी करतेय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अगं, मग मासे कुठून आणतेस?" प्रश्न रास्त आहे. माझ्या कामातला निम्मा निकाल तिथेच लागतो.

काम सांगायला सोपं आहे. तारलीच्या मांसातल्या प्रथिनांचे एन्झाइम वापरून लहान तुकडे करायचे. साधारण 2 ते 20 अमिनो आम्लांचा असा तुकडा म्हणजे पेप्टाइड. मूळ प्रथिनाच्या घडीत दडलेले टायरोसिन, हिस्टिडिन, मेथिओनिन हे घटक तुकडे झाल्यावर उघडे पडतात आणि फ्री रॅडिकलला, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूला, इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन त्याचा जोर मोडतात. हाच अँटीऑक्सिडंट गुण मी शोधतेय. गोम अशी की माशात हेच काम करणारे इतरही पदार्थ असतात. चरबीत ई जीवनसत्त्व, मांसात मोकळं हिस्टिडिन. चाचणीला त्यांच्यातला फरक कळत नाही. त्यामुळे पेप्टाइडची पावडर तयार व्हायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ, तिचा गुण पेप्टाइडचाच आहे हे दाखवण्यात गेला. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

मासळी गणेश पेठेतल्या बाजारातून आणते. खोल समुद्रातली, खाडीची, नदीची अशी सगळी आवक तिथे उतरते आणि पहाटे पोचलं तर बर्फातला माल पेटी फुटतानाच मिळतो. तारली फार नाजूक. तिच्या आतड्यातले एन्झाइम इतके जोरकस असतात की मासा मेल्यावर ते पोटाची भिंतच पचवायला लागतात आणि पोट फुटतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, डोळे चमकदार बघा, कल्ले लाल बघा. तिथल्या एका मावशींनी एक तारली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "डोळ्याचं काय घेऊन बसलीस? पोट दाब. मऊ लागलं तर घेऊच नको." तेव्हापासून मी प्रत्येक खेपेला पोट दाबूनच मासा निवडते. पोट मऊ म्हणजे आतली प्रथिनं आधीच तुटायला लागलेली. मग मी लॅबमध्ये ज्याला शून्य मिनिट, म्हणजे एन्झाइम घालण्याआधीची स्थिती म्हणणार, ते खरं शून्य उरत नाही.

दुसरी गोष्ट बर्फाची. तारली-बांगड्यात मोकळं हिस्टिडिन भरपूर असतं. मासा गरम राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टमिन करतात आणि ते नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणून बर्फाच्या पेटीत थर लावूनच मासा लॅबपर्यंत यायला हवा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्यापुरता कच्चा माल मे महिन्यातच साफ करून, वजनाची लहान पाकिटं करून डीप फ्रीझरमध्ये ठेवावा लागतो. मोठा गोळा करून ठेवू नका. दरवेळी तो सोडवून पुन्हा गोठवण्यात चरबी खवट होते.

डोकं, पोट, काटा काढून मांस बारीक केलं की आधी पाणी घालून 90 अंशाला वीस मिनिटं गरम करते. माशाचे स्वतःचे एन्झाइम तिथेच संपतात. मग आयसोप्रोपेनॉलमध्ये ढवळून चरबी काढायची. तारलीत चरबीचं प्रमाण ऋतूप्रमाणे खूप बदलतं, त्यामुळे ही पायरी एकदा करून भागत नाही; वरचा द्राव पिवळा येईनासा होईपर्यंत करायची. इथे घाई केली तर पुढे ई जीवनसत्त्व आणि खवट चरबी दोन्ही आकड्यांत शिरतात. हुडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) वाळवल्यावर जे फिकट पीठ हाती येतं, त्याला वास अगदीच कमी असतो.

एन्झाइम मी तीन पाहिले: पपईच्या चिकापासूनचं पपेन, पोटात असतं ते पेप्सिन, आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूपासून मिळणारं अल्कलेज. माझ्या मालावर अल्कलेज सरस ठरलं. पीएच 8, तापमान 50 अंश, पिठाच्या 1 टक्का एन्झाइम. बंध तुटत गेले की पीएच खाली येतो, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत राहावं लागतं. आमच्याकडे हे आपोआप करणारं यंत्र नाही, त्यामुळे ब्युरेट आणि पीएच मीटर घेऊन समोर बसून राहणं आलं. मला ते बसणं आवडतं. पहिल्या काही मिनिटांत पिठल्यासारखं घट्ट मिश्रण बघता बघता सैल होतं, तळाचा ढवळणारा चुंबक मोकळा फिरायला लागतो, आणि सुरुवातीला भराभर लागणारे थेंब हळूहळू विरळ होतात. किती सोडियम हायड्रॉक्साइड लागलं ते लिहून ठेवलं की बंध किती तुटले याचा हिशोब त्यातूनच निघतो. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडवर प्रथिनाचा थर बसतो आणि रीडिंग सरकतं. तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातल्या पेप्सिनमध्ये बुडवून ठेवला की स्वच्छ होतो.

जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त गुण, असं मात्र होत नाही. फार तुटलं की मोकळी अमिनो आम्लंच उरतात आणि कडवटपणाही वाढतो. म्हणून ठरावीक अंतराने नमुने काढून 95 अंशाला एन्झाइम मारायचं, सेंट्रिफ्यूज करायचं. नळीत वर चरबीची पातळ साय, मध्ये फिकट पिवळा स्वच्छ द्राव, तळाशी गाळ. आपल्याला मधला हवा.

आता चाचणी. सगळे डीपीपीएच या तयार फ्री रॅडिकलपासून सुरुवात करतात: जांभळा रंग, 517 नॅनोमीटरला रीडिंग, अँटीऑक्सिडंट असेल तर रंग पिवळट. पण डीपीपीएच मिथेनॉलमध्ये असतं आणि मोठे पेप्टाइड मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत. नमुना टाकला की प्लेटच्या खळग्यात दुधट ढग येतो, अॅब्सॉर्बन्स (नमुना किती प्रकाश अडवतो तो आकडा) उलटा वाढतो, आणि चांगला नमुना निकामी दिसतो. आमच्या मॅडमनी प्लेट खिडकीपाशी उजेडात धरली आणि एवढंच म्हणाल्या, "आकडा नंतर, आधी खळगा बघ." तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचा डीपीपीएच नसलेला स्वतंत्र ब्लँक, म्हणजे वजा करायचं कोरं रीडिंग, लावते आणि जोडीला तशीच रंग उतरण्यावरची पण पाण्यात चालणारी एबीटीएस चाचणी, 734 नॅनोमीटरला, करतेच करते.

कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, दोन हवेत. एकात तेच पीठ, तेवढाच वेळ, तेवढंच तापमान, पण एन्झाइम नाही. दुसऱ्यात फक्त एन्झाइम, मासा नाही. बाजारातल्या अल्कलेजचा स्वतःचा तपकिरी रंग असतो, त्यामुळे दुसऱ्या कंट्रोलला फाटा देऊ नका.

पुढे 10 आणि मग 3 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) गाळण्या. आधी 0.45 मायक्रॉनमधून गाळून घेतलं नाही तर त्या तुंबतात, आणि त्या महाग आहेत. माझ्या कामात 3 किलोडाल्टनखालचा भाग सगळ्यात प्रभावी निघाला. लॅबमध्ये आनंद झाला, पण मोकळं हिस्टिडिनही त्याच गाळणीतून खाली उतरतं, हे डोक्यातून जाईना. शिवाय पीएच सांभाळताना तयार झालेलं मीठही तिथेच, म्हणून फ्रीझ ड्रायरमधून निघालेली पावडर हवेतली ओल शोषून चिकट व्हायची. मोठे रेणू आधी आणि लहान नंतर सोडणाऱ्या सेफाडेक्स जी-15 च्या कॉलममधून सोडल्यावर दोन्ही प्रश्न सुटले. पेप्टाइड आधी बाहेर आले, मीठ आणि मोकळी अमिनो आम्लं मागून. 220 नॅनोमीटरला पेप्टाइड बंध दिसतो, 280 ला टायरोसिन-ट्रिप्टोफॅन. दोन्ही आलेख एकावर एक ठेवून मी पेप्टाइडचा भाग उचलला आणि फक्त तेवढ्यावर एबीटीएस केली. गुण टिकला. गुणाचा काही भाग मागून आलेल्या द्रावाच्या नळ्यांतही होता, म्हणजे शंका रास्तच होती, आणि तोही मी प्रबंधात तसाच मांडणार आहे.

नंतर एचपीएलसीने पेप्टाइड एकमेकांपासून वेगळे करणं आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्यांचा अमिनो आम्लांचा क्रम ओळखणं. इथे एक मोठी सोय झाली आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2023 मध्ये तारलीचा जीनोम, म्हणजे तिचा संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध केला, त्यामुळे मिळालेला तुकडा तारलीच्या कोणत्या प्रथिनातला आहे ते आता दुसऱ्या माशाचा आधार न घेता जुळवता येतं. त्यातले निवडक क्रम कृत्रिमरीत्या बनवून घेतले आहेत. सध्या त्यांच्यावर पचनाची चाचणी चालू आहे: आधी आम्लात पेप्सिन, मग उदासीन पीएचला ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन. जे यातून अखंड निघतील तेच पुढे पेशींवर लावणार.