कथेतल्या धनुष्यामागचं लाकूड

बारा वर्षांची असताना अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचायला लागले आणि तलवारीपेक्षा धनुष्यातच जीव अडकला. पाचोळ्यावरूनही आवाज न करता चालणारा, पाठीला भाता लावलेला धनुर्धर मला प्रत्येक कथेत हवाच असायचा. एक गोष्ट मात्र खटकायची. तलवार घडत असली की लेखक पानंच्या पानं लोहाराच्या भट्टीपाशी थांबतो. धनुष्य मात्र कुणीतरी भेट देतं, आयतं. ते कुणी केलं, कशाचं केलं, किती दिवस लागले, काहीच नाही. ते न लिहिलेलं पान मला माझ्या हातांनी करून बघायचं होतं.

लाँगबो, म्हणजे माणसाएवढं लांब लाकडी धनुष्य, म्हटलं की यू हे युरोपातलं सदाहरित झाड आलंच. यूच्या एकाच खोडात दोन स्वभावांचं लाकूड मिळतं. सालीलगतचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. झाडाने जणू दोन्हींची सोय आधीच करून ठेवलेली. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवरून अशी यूची 170 हून अधिक धनुष्यं वर आली, बरीचशी माणसापेक्षा उंच. बहुतेकांचा ताण, म्हणजे पूर्ण ओढायला लागणारा जोर, 100 पौंडांच्या वर असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कथांमधले सडपातळ धनुर्धर एवढं धनुष्य कानापर्यंत ओढून निवांत संवाद म्हणतात. माझं 40 पौंडांचं धनुष्य ओढून धरलं तरी चार-पाच सेकंदांत माझे खांदे थरथरायला लागतात.

मला यू मिळालं नाही. महिनाभर हळहळले. मग डेन्मार्कच्या होल्मगार्ड दलदलीत 1944 साली सापडलेल्या धनुष्यांबद्दल वाचलं. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आणि एल्म नावाच्या झाडाची! यूवाचून अडत नाही, हे पटलं. मी अ‍ॅश या झाडाचं लाकूड घेतलं.

पहिलं धनुष्य रंधा मारलेल्या तयार फळीतून केलं आणि ते मोडलं. फळी दिसायला सुरेख होती, पण लाकडाच्या रेषा पाठीवरून तिरक्या जाऊन कडेला निसटत होत्या आणि मी तिकडे काणाडोळा केला. 23 इंचांपर्यंत ओढलं तेव्हा फटाका फुटावा तसा आवाज झाला. तुकडे गोळा करून पाहिलं, तर तडा बरोबर त्या निसटलेल्या रेषेतून गेला होता. तो तुकडा मी जपून ठेवलाय.

दुसऱ्या वेळी करवतीला हात लावला नाही. ओंडका पाचरी ठोकून फोडला. फुटताना लाकूड स्वतःच्या रेषेने फुटतं, त्यामुळे रेषा कुठे जातात हे वेगळं शोधावं लागत नाही. टोकांना जाड रंग लावला, नाहीतर तिथून ओल भराभर उडून चिरा पडतात. मग ते वर्षभर सावलीत वाळत ठेवलं. अ‍ॅशमध्ये एक मोठं सुख आहे: साल सोलली की खालचं सगळ्यात बाहेरचं वर्षवलय हीच धनुष्याची पाठ. तिला हत्यार लावायचं नाही. एका उन्हाळ्यात झाडाने जे वाढवलं ते टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. जे काही तासायचं ते पोटाच्या बाजूने.

खरं काम त्यानंतरचं. इंग्रजीत त्याला टिलरिंग म्हणतात. मी लाकूड रुळवणं म्हणते. भिंतीवर खुंटीत धनुष्याची मूठ टेकवायची, कप्पीवरून दोरी ओढायची आणि लांब उभं राहून मुठीच्या दोन्हीकडच्या भुजा सारख्या वाकतात का ते बघायचं. दोरी धाकटा भाऊ ओढायचा. मी बोट दाखवलं की इंचभर आणखी. एका संध्याकाळी तोच म्हणाला, "ताई, खालच्या भुजेला मुठीजवळ कोपर आल्यासारखं दिसतंय." खरंच होतं. वीतभर अंतरावर लाकूड बाकीच्यापेक्षा जास्त वाकत होतं. अशा जागी पेन्सिलने खूण करायची आणि तिथे अजिबात हात लावायचा नाही. बाकी सगळीकडे खरवडायचं, म्हणजे ते त्या मऊ जागेच्या बरोबरीला येतं. हे मला फार आवडतं. दुबळी जागा बळकट करता येत नाही, बाकीच्यांनी तिच्यासाठी थोडं सैल व्हायचं.

खरवडायचं तेही किती? जाडी एक दशांशाने कमी झाली तर ताठपणा सुमारे 27 टक्के घटतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. रुंदी तेवढीच कमी केली तर घट फक्त 10 टक्के. म्हणून मी पोलादी स्क्रेपरने कागदाइतकी पातळ ढलपी काढायची, मग भावाने वीस-तीस वेळा हलकेच दोरी ओढायची, आणि मगच पुन्हा बघायचं. लाकडाला झालेला बदल जरा उशिराच कळतो. घाई केली की उद्याचं वाकणं आज दिसत नाही. तीन आठवडे रोज तासभर हेच चाललं होतं.

वरच्या भुजेत टाचणीच्या डोक्याएवढी एक गाठ होती. तिच्याभोवतीच्या रेषा ओढ्यातल्या दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारख्या वळतात. तिथे मी लाकूड किंचित उंच ठेवलं. हाताला तो उंचवटा लागतो.

28 इंचांवर काटा 39 पौंड दाखवून थांबला. जवसाच्या तेलाचे पाच हात दिले, डॅक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची दोरी वळून मेण लावलं. पहिला बाण गवताच्या गठ्ठ्यात घुसला तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. भाऊ बाण काढायला धावला, आणि मी दोरी उतरवली. कथांमधली धनुष्यं दिवसरात्र दोरी चढवलेलीच असतात, पण लाकूड तसं राहिलं की वाकण्याची सवय अंगात मुरते आणि जोर जातो. दोरी सुटल्यावर ते हळूच सरळ झालं. पूर्ण नाही. टोकं दीड इंच माझ्याकडे झुकलेलीच राहिली.