पोलरायझरचा अर्धवट सल्ला आणि डबक्यातला गोबी

'पाण्यावरची चकाकी घालवायची तर लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा.' दुकानदार हेच सांगतो, मित्रही हेच सांगतात. या अर्ध्या सल्ल्यापायी माझ्या किती ओहोट्या फुकट गेल्या, याचा राग अजून जात नाही.

गोव्यात हणजुणेच्या जांभ्याच्या खडकांत ओहोटीला डबकी उरतात. त्यांत फ्रिलगोबी नावाचे बोटाएवढे मासे असतात, तपकिरी आणि ठिपकेदार. तळाला बसले की खडक कुठे संपला नि मासा कुठे सुरू झाला ते कळत नाही. त्यांच्या छातीच्या पराच्या वरच्या काड्या दोऱ्यांसारख्या सुट्या असतात. ओळख पटवायला त्या फोटोत हव्यातच.

पोलरायझर चालतो तो कोनावर. उभ्या रेषेपासून साधारण 53 अंशांवरून पाहिलं तर चकाकी जवळजवळ नाहीशी होते. पण अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स सरळ खाली रोखली की तो काहीच करत नाही, वर प्रकाश तेवढा खातो. तिरपं धरावं तर पाण्यातून येणारी प्रतिमाच फाटते, आणि नेमक्या त्या काड्या पुसट होतात. दुकानात हे सांगितलं, तर समोर आणखी महागडा फिल्टर आला!

सुटका केली काळ्या छत्रीने. पाण्यात दिसतं ते आभाळाचं प्रतिबिंब. त्याच्या जागी काळं कापड आलं की तळ लख्ख दिसतो. सावलीत प्रकाश कमी पडतो, म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूने, तिरका धरायचा. डोळा आणि सुट्या काड्या एकाच फोटोत स्पष्ट आल्या, तेव्हा मी तिथेच ओरडलो.

छत्री आधी उघडा, मग डबक्याशी जा. डोक्यावर अचानक सावली पडली की मासा कपारीत शिरतो. हलला नाहीत तर बहुधा बाहेर येतो. हाताने हुसकू नका, डबकंच सोडून जाऊ शकतो. याच्या अटलांटिकमधल्या भाईबंदावर प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लेस्टर अ‍ॅरन्सन यांनी 1951 साली लिहिलंय: भरतीत खडकांची ठेवण लक्षात ठेवून तो ओहोटीत शेजारच्या डबक्यात नेमकी उडी मारतो.

दिवस अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा धरा. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे ओहोटी कमी उतरते तेव्हा, खालची डबकी उघडी पडत नाहीत. पाणी उतरत असतानाच खडकांवर जा, वळलं की निघा. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा.

आणि छत्री लांब दांड्याची घ्या, घडीची वाऱ्याने उलटते.